समुद्राचं यंत्र भंडारदऱ्याला

परत आल्यापासून आमच्या आळीतल्या बायकांचा एकच प्रश्न. "आक्का, धरणावर समुद्राचं काय काम हुतं?" एकीला सांगून होत नाही तोवर दुसरी येते. मग तिला चहा आला, पहिल्यापासून सांगणं आलं. घसा बसला माझा. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं. ज्यांना जायला जमलं नाही त्यांनी बसल्या जागी वाचावं आणि चहा ज्याचा त्यानं करून घ्यावा.

माझी लेक स्वाती सरकारी खात्यात आहे, समुद्राचा अभ्यास करणाऱ्या. सोनईत वाढलेली पोरगी. आमच्याकडं पाणी म्हणजे विहीर, बोअर, नाहीतर मुळेचा कालवा. तिच्या डोक्यात समुद्र कुठून शिरला देव जाणे. नवरा तिनं मालवणचा केला, तोही याच समुद्राच्या नादानं असं आम्ही तिला चिडवतो.

तर झालं असं. एक खातं पाण्याखालची यंत्रं बनवतं. दुसरं, म्हणजे स्वातीचं, त्या यंत्रांनी समुद्र मोजतं. किती गरम, किती खारट, खाली काय चाललंय ते. खात्यांची नावं लिहायची नाहीत असं लेकीनं बजावलंय, म्हणून मी यंत्रवाले आणि पाणीवाले एवढंच म्हणते. या दोघांचं मागं एका बोटीवर चांगलंच वाजलं होतं. यंत्र बिघडलं तेव्हा हे म्हणाले तुमची चूक, ते म्हणाले तुमची. शेवटी वरून दोघांना तंबी आली, की यापुढं मिळून काम करा. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं एकमेकांशी अशी गोड वागायला लागली, जसे काही लग्नातले व्याहीच.

आता दोघांनी मिळून एक नवं यंत्र केलं होतं. पुढच्या महिन्यात बोट निघणार, ते यंत्र घेऊन. पण त्याआधी ते कुठंतरी शांत पाण्यात बुडी मारून, वर येऊन दाखवायला हवं होतं. समुद्रात पहिल्याच दिवशी सोडलं आणि गेलं वाहून, तर शोधणार कुठं? धरणाला चारी बाजूंनी काठ असतो. म्हणून भंडारदरा ठरला. आमच्याच जिल्ह्यात, पार अकोले तालुक्यात.

स्वाती बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच कामावर आली होती. या यंत्रातली मोजमापाची बाजू तिची. यंत्र बुडालं तर बोटीवर तिची जागा पक्की. नाही बुडालं तर बोट यंत्राशिवाय जाणार आणि तिच्याशिवायही. दोन वर्षं तिनं या बोटीची वाट पाहिली होती. मला फोनवर एवढंच म्हणाली, "आई, चिकूला सांभाळायला येतेस का धरणावर?" चिकू म्हणजे माझा नातू, अजून वर्षाचा व्हायचाय. मी म्हटलं, "येते की. न यायला काय झालं?"

आणि मग कळलं की तिच्या सासूबाईही येणार आहेत.

सोनई ते शेंडी

माझ्या विहीणबाई शालिनीबाई, मालवणच्या. स्वभावानं लाख बाई. पण लग्नापासून आमचं एकमेकींशी वागणं असं, की पाटावर आधी कोण बसणार यातच भाजी गार व्हावी. आदल्या दिवशी त्या स्वाती आणि चिकूबरोबर सोनईला उतरल्या. सकाळी आम्ही जीप करून निघालो.

राहुरी गेली, लोणी गेलं. दोन्ही बाजूंना ऊस, उसाच्या ट्रॉल्या, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे. जीपमध्ये मात्र एक वास भरून राहिला होता. विहीणबाईंच्या पिशवीत सुकट होती, वाळलेली बारीक कोळंबी. आमच्या घरात मासळी शिजत नाही. पण पाहुण्यांना कसं बोलायचं? त्यांनीच हळूच आपल्या बाजूची काच खाली केली. मला वाटलं, यांना समुद्राच्या वाऱ्याची सवय, गुदमरत असतील बिचाऱ्या. म्हणून मीही माझी काच खाली केली. त्यांना वाटलं, वास लागतोय हिला, मग त्यांनी अजून खाली केली. थंडीचे दिवस. संगमनेर येईपर्यंत आम्ही दोघी डोक्यावरून पदर गच्च आवळून कुडकुडत बसलो होतो. एकीनंही काच वर केली नाही.

संगमनेरला चहाला उतरलो तेव्हा जीपवाला म्हणाला, "मावशी, एवढ्या थंडीत खिडक्या कशापायी उघड्या ठेवल्या? पोरगं गारठंल की."

"ह्यांका बरा वाटता म्हणान," विहीणबाई म्हणाल्या.

"मी तर यांच्यासाठी ठेवली," मी म्हणाले.

स्वातीनं कपाळाला हात लावला आणि दोन्ही काचा स्वतः वर केल्या.

अकोल्याच्या पुढं जिल्हाच बदलतो म्हणा ना. आमच्याकडं डोळा फिरवाल तिथवर सपाट. इथं डोंगर अगदी अंगावर येतात. राजूरपासून रस्ता वळत वळत चढतो. भात कापून झालेली खाचरं, त्यात राहिलेले बुडखे, बांधावर पेंढ्यांच्या उडव्या. घरं कौलारू, अंगणं सारवलेली. विहीणबाई खिडकीला नाक लावून बसल्या. "ह्यां तर आमच्या कोकणासारख्याच असा!" असं त्यांनी रस्ताभर किती वेळा म्हटलं. मी म्हटलं, "विहीणबाई, नगर जिल्ह्यात कोकणपण हाय आमचं." नाव बदलून अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडात अजून नगरच बसलंय, त्याला इलाज नाही.

शेंडीला पोचलो, म्हणजे धरणाचंच गाव. विश्रामगृहाच्या ओट्यावरून सगळं पाणी दिसतं. मी मुळा धरण पाहिलंय, नाही असं नाही. पण हे पाणी डोंगरांच्या मधल्या खोबणीत असं निवांत पसरलेलं, की मी पिशवी हातातच धरून उभी राहिले.

तिथला खानसामा भागाजी. त्यानं नागलीच्या भाकऱ्या केल्या, काळ्याभोर, चुलीवरच्या, आणि उडदाचं घट्ट वरण. आमची बाजरीची भाकरी खमंग लागते, ही मऊ आणि मातीसारख्या वासाची. मी दोन खाल्ल्या. "आजी, बाजरीचं पीठ संगं आनलंय जनू?" माझी पिशवी बघून तो म्हणाला. खरंच आणलं होतं. म्हटलं, "पर आता न्हाई लागायचं." तो जाम खूश झाला.

पहिला दिवस, नारळ कुणी फोडायचा

सकाळी धुकं वर उठल्यावर आम्ही काठावर गेलो. यंत्र ताडपत्रीवर ठेवलं होतं. माणसाएवढं लांब, पिवळंधमक, दोन बाजूंना दोन छोटे पंख, मागं शेपटीसारखी एक काठी. ग्लायडर म्हणतात त्याला. त्याला पंखा नाही, चाक नाही. पोटातलं तेल आतबाहेर करून ते जड झालं की खाली जातं, हलकं झालं की वर येतं, आणि पंखांमुळं पुढं सरकतं. मला फार आवडलं. म्हटलं, बाई, एवढ्या कमी धडपडीत कुणी एवढं काम करतंय का?

यंत्रवाल्यांचे मोठे साहेब मूर्तीसाहेब, दक्षिणेकडचे, उंच, कपाळावर भस्माची बोटं. पाणीवाल्यांच्या मोठ्या कामतमॅडम, ठेंगण्या, पायात बूट आणि केसात अबोलीचा गजरा. नारळ आणला होता. मूर्तीसाहेब म्हणाले, "मॅडम, पहले आप."

"छे छे सर, यंत्र तुमचं. तुम्ही फोडा."

"यंत्र हमारा, लेकिन काम तो आपका. आप फोडिए."

असं बराच वेळ चाललं. धरणावरचा पाटबंधाऱ्याचा माणूस जांभया द्यायला लागला. शेवटी विहीणबाईंनी पदर खोचला, नारळ उचलला आणि दगडावर एका फटक्यात दोन भकलं केली. "समुद्राक आमी दरवर्सा नारळ देताव. माका सवय असा," म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

होडीतून यंत्र मधल्या पाण्यात नेऊन सोडलं. आम्ही काठावर, चिकू माझ्या कडेवर. स्वाती होडीत.

यंत्र बुडेना.

आमच्याकडं पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळका भोपळा बांधतात. पोरगं कितीही हातपाय मारू दे, भोपळा काही खाली जाऊ देत नाही. तस्संच ते यंत्र. नाक थोडं खाली घालायचं, बुडबुडे सोडायचं आणि पुन्हा वर. दुपारपर्यंत हेच. आणि गंमत अशी, कुणी कुणाला एक शब्द वाकडा बोलेना. मूर्तीसाहेब म्हणत, "हमारा पंप कमजोर होगा, माफ करना." कामतमॅडम म्हणत, "नाही हो सर, आमचंच उपकरण नडत असणार." एकमेकांच्या चुका दोघं आपापल्या अंगावर ओढून घेत होते. मी मनात म्हटलं, हे भांडत होते तेव्हाच बरं असेल.

त्यात चिकूनं त्याच दुपारी घोळ घातला. जेवला, खेळला आणि भडाभडा ओकला. मग रडरड. विहीणबाई म्हणाल्या, वारा लागला. मी म्हटलं, दृष्ट लागली असंल. दोघींनी मीठमोहऱ्या ओवाळल्या, ओवा भाजून पोट शेकलं. संध्याकाळी निवळला.

स्वाती आली ती तोंड एवढंसं करून. ओट्यावर बसली. मी चहा दिला. "उद्याचा एकच दिवस आहे आई. परवा सगळे परत. नाही बुडालं तर संपलं."

"पण का बुडत न्हाई गं? मला सांग की समजावून."

तिनं भागाजीकडून दोन पेले पाणी, मूठभर मीठ आणि एक अंडं मागवलं. साध्या पाण्यात अंडं टाकलं, बुडालं. दुसऱ्या पेल्यात मीठ ढवळून टाकलं, तर वर आलं. "खारं पाणी वस्तूला उचलून धरतं. गोडं पाणी तेवढं धरत नाही. हे यंत्र समुद्रासाठी तोललेलं. तसंच इथं सोडलं तर दगडासारखं तळाला जाईल. म्हणून धरणासाठी त्यातलं थोडं वजन काढायचं. तेवढं काढलंय. म्हणजे बरोबर तरंगत-बुडत राहायला पाहिजे. पण हे तर..."

ती बोलता बोलता थांबली. अंड्याकडं बघत राहिली. मग उठून गेली ती जेवायलाही वेळानं आली. मी विचारलं तर म्हणाली, "उद्या आधी ते तोलायचं. कुणी काय केलंय ते विचारून उपयोग नाही, सगळे फार चांगले वागतायत."

दुसरा दिवस, मासळीचा काटा

एवढं मोठं यंत्र तोलायला काटा कुठून आणायचा? दोन्ही खात्यांचे काटे त्यांच्या त्यांच्या गावी. मग भागाजीनं सांगितलं, खाली काठाला मच्छीमार सोसायटीचा मोठा काटा आहे, धरणातली मासळी तोलतात तो. सकाळीच आमची वरात तिकडं. पुढं चार जणांनी उचललेलं पिवळं यंत्र, मागं दोन मोठे साहेब, त्यामागं आम्ही दोघी विहिणी आणि नातू.

सोसायटीवर मासळी उतरवून घेणं चाललं होतं. कोळ्यांनी यंत्र बघितलं आणि हातातली कामं सोडली.

"आरं, ह्यो कंचा मासा गावला?"

"सरकारी हाय. दोन पंखांचा."

"मॅडम, भाव काय लावायचा?" काट्यावरचा म्हातारा डोळे बारीक करून स्वातीला म्हणाला. "आमी तर कटल्याचाच लावनार बगा."

"काका, आधी तोला तरी."

काट्याची पाटी धुतली, यंत्र आडवं ठेवलं. स्वातीनं वजन वाचलं. मग मूर्तीसाहेबांकडं वळून सरळ विचारलं, "सर, तुमच्याकडून निघताना गोड्या पाण्यासाठी वजन काढलं होतं?"

"हाँ, बिल्कुल. आपको तकलीफ न हो, इसलिए वहीं निकाल दिया."

स्वाती कामतमॅडमकडं वळली. मॅडमच्या गालावर आता रंग चढायला लागला होता. "अगं, मीपण काढायला लावलं. सरांनी समुद्राचंच ठेवून पाठवलं असेल, त्यांना कशाला पुन्हा विचारून त्रास द्यायचा, म्हणून."

मग मूर्तीसाहेब एवढे हसले, एवढे हसले की त्यांचा चष्मा मासळीच्या टोपलीत पडला. कामतमॅडम तो शोधायला वाकल्या तर गजरा पडला. काट्यावरचा म्हातारा म्हणाला, "म्हंजे दोगांनी मिळून माशाचं पोट रिकामं केलं व्हय?"

मी हसता हसता एकदम थांबले. विहीणबाईंकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं.

"विहीणबाई," मी म्हटलं, "काल दुपारी चिकूला..."

"मी भरवलेली पेज. तुमी दमलेलात म्हणान."

"अहो, मी आधी भातमुगाचं खिमट घातलं हुतं. तुमाला कशाला उठवायचं म्हनून!"

आता स्वाती हसायला लागली, ती थांबेचना. काल दुपारभर पोटावर शेकलेला ओवा, ओवाळलेली दृष्ट, सगळं आठवून. काट्यावरच्या म्हाताऱ्यानं हात पुढं केले, "आना त्यो पन हिकडं. बगू कुनाचं पोट किती भरलंय." आणि माझा नातू धरणाच्या मासळीच्या काट्यावर तोलला गेला. पाटी गार लागली म्हणून त्यानं भोकाड पसरलं. वजन चांगलं भरलं. भाव विचारला नाही.

एका खात्याचं काढलेलं वजन परत घातलं. दोघांनी मिळून घातलं, एकानं मोजायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं म्हणायचं, असं. दुपारी पुन्हा होडी मधल्या पाण्यात गेली.

या वेळी यंत्रानं नाक खाली घातलं आणि ते गेलं. एकदम. पाण्यावर दोन बुडबुडे आले नि तेही विरले.

मला वाटलं होतं सगळे ओरडतील. पण सगळे घड्याळं बघायला लागले. बुडणं अर्धंच काम, वर यायचं राहिलं होतं. सूर्य डोंगराकडं झुकायला लागला. पाण्याचा रंग आधी हिरवा होता, मग शाईसारखा झाला. स्वाती होडीत उभी, कानाला फोन, डोळे पाण्यावर. मी काठावर, आणि माझ्या मनात एक चोरटा विचार आला, तो लिहूनच टाकते. नाही आलं वर, तर पोरगी समुद्रावर जाणार नाही. घरात राहील, बाळापाशी. तेवढ्यात तिनं हात कपाळावर धरून लांब बघितलं, आणि मला तिची लहानपणची सवय आठवली. विहिरीच्या काठावर पोटावर पडून तासन्‌तास खाली बघत बसायची. ओरडून ओरडून उठवावं लागायचं. मी पाण्याकडं बघून म्हटलं, ये बाबा, ये वर.

"थंय! थंय बगा!" विहीणबाई ओरडल्या.

लांब, रतनवाडीच्या अंगाला, पाण्यातून पिवळी शेपटी उभी राहिली. शेजारीच कोळ्यांची होडी होती. त्यातला एकजण हातातलं जाळं वर करून ओरडला, "ओ मॅडम, तुमचा मासा हितं आला! धरू का जाऊ द्यू?"

त्या संध्याकाळी

बोट नक्की झाली. भागाजीनं गुळाचा शिरा केला. मूर्तीसाहेबांनी तो दोनदा मागून खाल्ला, कुणी आग्रह करायची वाट न बघता.

स्वाती मात्र चिकूला मांडीवर घेऊन थोपटत बसली होती. "आई, मी गेल्यावर हा कुठं राहील?"

झालं, आम्ही दोघी लागलो. मी म्हटलं, "मालवणला राहू दे की. घर त्याचं ते."

"नको गे, सोनईक ऱ्हाव दे. आवशीचा माहेर ता. माझा काय."

"असं कसं, तुमचा पहिला हक्क."

"तुमचोच."

स्वातीनं हात वर केला. "थांबा. काटा अजून खालीच आहे. तोलू का तुम्हा दोघींना? खरं काय ते बोला."

मी विहीणबाईंकडं पाहिलं. इतक्या वर्षांत जे कधी बोलले नव्हते ते बोलले. "मला पाहिजे. सोनईलाच पाहिजे."

त्यांनी नाकातली चमकी सारखी केली. "माकाय होयो. मी त्याका सोडूचंय नाय."

"मग या की सोनईला. दोघी मिळून."

"येतंय. पण सुकट आणतलंय."

मी एक मोठा श्वास घेतला. "आना. पर चूल मागच्या अंगनात."

हे मी सोनईत लिहितेय. विहीणबाई महिना झाला इथंच आहेत. मागच्या अंगणातल्या चुलीचा वास आळीभर जातो, आणि आळीतल्या दोन बायका आता पाककृती विचारायला येतात. चिकूला भरवायचा नियम एक. जी भरवील तिनं अंगणात येऊन मोठ्यानं ओरडायचं, "भरवलं गं!" समोरच्या घरातला म्हातारासुद्धा आता आतूनच 'हो, कळलं' म्हणतो.

काल बोटीवरून फोन आला. आवाज तुटत होता, मागं वारा. यंत्र खऱ्या समुद्रात गेलं आणि वर आलं, दोन्ही खात्यांचं काढलेलं वजन पुन्हा घालून. मी विचारलं, "घातलं कुनी?"

"एकानं घातलं, दुसऱ्यानं बघितलं," ती हसली. मग आवाज जरा खाली आला. "आई, चिकू जेवला का गं?"

मी फोन दोघींच्या मधे धरला होता. आम्ही एकदमच ओरडलो.

"एकदाच!"